फोनमधले सगळे फोटो लॅपटॉपवर घेताना

फोनमधली जागा संपत आली की फोन आधी सौम्यपणे सांगतो, मग सारखा सांगतो आणि शेवटी फोटो काढायलाच नकार देतो. माझा फोन या तिसऱ्या पायरीवर आला, तेव्हा सगळे फोटो लॅपटॉपवर घेऊन तो मोकळा करायचं ठरवलं. सगळे म्हणजे जुन्या फोनमधून नव्यात आणि तिथून आणखी नव्यात वाहत आलेला कित्येक वर्षांचा साठा. केबल लावायची, कॉपी करायचं, पेस्ट करायचं, एवढंच काम असेल असं वाटलं होतं. कॉपी-पेस्ट खरंच सोपं निघालं. वेळ गेला तो त्याच्या आधी आणि नंतर.

पहिली अडचण केबलची. फोन लॅपटॉपला जोडला, चार्जिंग सुरू झालं, पण पडद्यावर फोनचं नाव काही येईना. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. फक्त चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच केबलींमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात, आणि बाहेरून बघून हे कळायला काही मार्ग नाही. फोनच्या खोक्यातून आलेली मूळ केबल शोधून लावली तेव्हा लॅपटॉपने ‘टिंग’ केलं. त्या केबलला मी आता रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली आहे, नाहीतर ती पुन्हा बाकीच्या गुंत्यात जायची.

नाव दिसलं, पण आतलं फोल्डर रिकामं. हे बिघाडाचं लक्षण नाही. फोन केबलला लावला की अँड्रॉइड आपण होऊन ‘फक्त चार्जिंग’ हाच पर्याय धरतो. भलत्याच कोणाच्या संगणकावर चार्जिंगला लावलेल्या फोनमधले फोटो परस्पर कोणी उचलू नयेत, म्हणून ही सोय. फोनचं लॉक उघडायचं, वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढायची, यूएसबीबद्दलची जी बारीक ओळ असते तिच्यावर बोट ठेवायचं आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. तिथेच ‘पीटीपी’ असाही एक पर्याय असतो. तो डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळातला आहे. त्यातून फोटोंची फोल्डरं तेवढी दिसतात, बाकीची नाहीत. मला व्हॉट्सअ‍ॅपचेही फोटो हवे होते, म्हणून फाइल ट्रान्सफर.

पेनड्राइव्ह लावला की त्याला डी, ई असं अक्षर मिळतं. फोनला मिळत नाही. मला हे नेहमी खटकायचं, म्हणून जरा वाचून काढलं. सुरुवातीचे अँड्रॉइड फोन पेनड्राइव्हसारखेच दिसायचे, पण तेव्हा जोडलेलं असेपर्यंत सगळा साठा संगणकाच्या ताब्यात जायचा आणि फोनला स्वतःलाच तो वापरता यायचा नाही. २०११च्या सुमारास अँड्रॉइडने ‘एमटीपी’ नावाची पद्धत घेतली. ती मुळात मायक्रोसॉफ्टने गाणी ऐकायच्या छोट्या यंत्रांसाठी तयार केली होती. हिच्यात संगणकाला कपाटापर्यंत जाता येत नाही. ग्रंथालयाच्या खिडकीवर उभं राहून एकेक पुस्तक मागावं तशी एकेक फाइल मागावी लागते. म्हणूनच हजारो फोटोंचं फोल्डर उघडलं की वरची हिरवी पट्टी सरकत राहते आणि खाली काही दिसत नाही. अशा वेळी घाईने दुसरं फोल्डर उघडू नये, चालू कॉपी थांबवून पुन्हा सुरू करू नये. खिडकीवरचा माणूस एकच आहे.

वेगाचंही सांगते. फोनला टाइप-सी भोक आहे म्हणजे वेग जास्त असेल असं नाही. कित्येक फोनमध्ये त्या भोकामागे जुनं यूएसबी २.०च असतं. त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. लॅपटॉपचं निळं, म्हणजे जास्त वेगाचं, पोर्ट वापरून यात फरक पडत नाही. मोठा साठा असेल तर रात्रभराची तयारी ठेवावी आणि लॅपटॉपचं आपोआप झोपणं सेटिंगमधून तात्पुरतं बंद करावं.

सगळं एकदम निवडून पेस्ट करण्याऐवजी मी वर्षावार तुकडे केले. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये फोटोच्या नावातच आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे आकडे असतात. नावाप्रमाणे लावलं की २०१९चे सगळे एका ओळीत येतात. पहिल्यावर क्लिक, शिफ्ट दाबून शेवटच्यावर क्लिक, कंट्रोल-सी, आणि लॅपटॉपवरच्या ‘२०१९’ नावाच्या फोल्डरमध्ये कंट्रोल-व्ही. कट मात्र नाही. केबल मध्येच सैल झाली तर कट केलेली फाइल नेमकी कुठे आहे हे विचारायला कोणी उरत नाही. तुकड्यांचा फायदा पुढे मोजणीच्या वेळी झाला, तो येईलच.

फोटो एकाच ठिकाणी असते तर बरं झालं असतं. कॅमेऱ्याने काढलेले ‘डीसीआयएम’ या फोल्डरमधल्या ‘कॅमेरा’मध्ये असतात. हे विचित्र नाव डिजिटल कॅमेऱ्यांपासून चालत आलंय. कुठल्याही कॅमेऱ्याचं कार्ड कुठेही वाचता यावं म्हणून १९९८मध्ये जपानमध्ये ठरलेल्या एका मानकाचा तो अवशेष. स्क्रीनशॉट कधी ‘पिक्चर्स’मध्ये, कधी ‘डीसीआयएम’मध्येच. ब्राउझरमधून उतरवलेले ‘डाउनलोड’मध्ये. आणि व्हॉट्सअ‍ॅपचे अँड्रॉइड ११पासून खोल आत गेलेत: ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप’ असं काहीतरी, मग ‘व्हॉट्सअ‍ॅप’, पुन्हा ‘मीडिया’, आणि मग कुठे ‘व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस’. हे फोल्डर सोडून द्यायचा मोह होतो, कारण त्यात नव्वद टक्के शुभ सकाळ असते. पण मी स्वतः ज्यात आहे असे बहुतेक फोटो इतरांनी काढून मला पाठवलेले आहेत, ते इथेच. त्यामुळे फोल्डर सबंध उचललं, निवडणं नंतरसाठी ठेवलं.

तारखांचा घोळ कॉपी झाल्यावर लक्षात आला. लॅपटॉपवर काही फाइलींपुढे कॉपी केल्याचीच तारीख दिसत होती, आणि क्षणभर पोटात गोळा आला. पण फाइलची तारीख वेगळी आणि फोटोची वेगळी. कॅमेरा फोटो काढतानाच त्या फाइलच्या पोटात वेळ, फोनचं मॉडेल, परवानगी दिली असेल तर ठिकाणसुद्धा लिहून ठेवतो. याला ‘एक्झिफ’ म्हणतात आणि साध्या कॉपीने ते पुसलं जात नाही. विंडोजमध्ये फोल्डरमधल्या रकान्यांच्या नावांच्या पट्टीवर राइट क्लिक करून ‘डेट टेकन’ हा रकाना चालू केला की खरी तारीख समोर येते. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोंमध्ये मात्र हे उरलेलं नसतं. तिथे फाइलच्या नावातली तारीख हाच एक धागा, आणि तीही फोटो आपल्याकडे आला त्या दिवसाची. दहा वर्षांपूर्वीचा फोटो कोणी परवा पाठवला असेल, तर तो परवाचाच. म्हणून आता महत्त्वाचे फोटो मी मागताना सांगते, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’. तसे पाठवले की मूळ फाइल जशीच्या तशी येते.

हे सगळं चाललेलं बघून धाकट्या बहिणीने आपला आयफोन पुढे केला. ‘ताई, याचंही करून दे ना.’ जोडल्यावर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ असं फोन विचारतो; हो म्हणून पासकोड टाकायचा, इथवर सोपं. पण आयफोन २०१७पासून फोटो जेपीजीऐवजी ‘एचईआयसी’मध्ये ठेवतो. जवळपास तेवढ्याच दर्जाला जागा कमी लागते, तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. फोटोंच्या सेटिंगमध्ये अगदी खाली मॅक किंवा पीसीवर पाठवण्याबद्दल दोन पर्याय असतात. ‘ऑटोमॅटिक’ ठेवलं तर फोन प्रत्येक फोटो पाठवता पाठवता जेपीजी करतो आणि मोठ्या साठ्यात या धावपळीत कॉपी अधेमधे अडकू शकते. ‘कीप ओरिजिनल्स’ ठेवलं की मूळ फाइल येते. आम्ही आधीच तो बदल केला. मग विंडोजला ते फोटो दाखवता यावेत म्हणून मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एचईआयएफचा (एचईआयसी हा त्याचाच एक प्रकार) फुकट जोड घ्यावा लागतो, आणि सोबत एचईव्हीसीचा, म्हणजे आतलं चित्र दाबून लहान करायच्या पद्धतीचा, ज्याला थोडे पैसे पडतात.

खरी गोम पुढे होती. तिच्या फोनमध्ये ‘ऑप्टिमाइज स्टोरेज’ चालू होतं. म्हणजे फोनवर दिसत होती ती बऱ्याच फोटोंची छोटी आवृत्ती, आणि मूळ फोटो आयक्लाउडवर, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठ्यात. जे फोनमध्ये पूर्ण नाहीत ते केबलने येत नाहीत. तिच्यासाठी केबल बाजूला ठेवून आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून मूळ फोटो उतरवले. गुगल फोटोज वापरणाऱ्यांनीही हे तपासावं. तिथे ‘फ्री अप स्पेस’ (बॅकअप झालेले फोटो फोनमधून काढून टाकणारं बटण) दाबलं असेल तर त्या अ‍ॅपमध्ये दिसणारे जुने फोटो फोनमध्ये असतीलच असं नाही. तिथला सगळा साठा एकदम हवा असेल तर तो उतरवून घ्यायला ‘गुगल टेकआउट’ ही गुगलचीच सोय आहे.

वायफायवरून पाठवायचे मार्गही मी वापरते. ‘क्विक शेअर’ विंडोजवर चालतं; ‘लोकलसेंड’ फुकट आहे आणि फोन, लॅपटॉप कुठल्याही जातीचे असले तरी चालतं. पाच-पन्नास फोटोंसाठी केबल काढायची गरज नाही. ब्लूटूथने एखादा फोटो जाईल, पण संयम हवा.

आता मोजणी. फोनमधलं प्रत्येक वर्ष निवडून खालच्या पट्टीवर आलेला आकडा आणि लॅपटॉपवरच्या फोल्डरमधला आकडा शेजारी शेजारी ठेवले. एका वर्षाचे जुळेनात, लॅपटॉपवर जास्त. जास्त कसे? बघितलं तर काही फाइलींच्या नावाच्या सुरुवातीला टिंब आणि ‘ट्रॅश्ड’ असा शब्द. अँड्रॉइड ११पासून पुसलेला फोटो लगेच जात नाही, नाव बदलून साधारण ३० दिवस तिथेच पडून राहतो. नावात जो लांबचलांब आकडा दिसतो, तो फोटो कायमचा कधी जायचा त्या वेळेचा. वर्षभराचंच फोल्डर असल्यामुळे हे पटकन सापडलं. सगळा साठा एकत्र असता तर डोळे गेले असते. मग लॅपटॉपवर फाइली आकाराप्रमाणे लावल्या, कारण आकडा जुळला तरी एखादी फाइल शून्य केबीची असू शकते. एक व्हिडिओ तसा निघाला, तो पुन्हा घेतला. मोठे व्हिडिओ शेवटच्या मिनिटापर्यंत ओढून बघितले. वेगवेगळ्या जुन्या फोनमधल्या, एकाच नावाच्या फाइलींबद्दल विंडोजने विचारलं तिथे ‘रिप्लेस’ नाही, दोन्ही ठेवा.

पुसण्याआधी सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवरही टाकलं. जुना पेनड्राइव्ह वापरणार असाल तर तो ‘फॅट३२’ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला नाही ना, बघा. त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि लांब व्हिडिओ तेवढा होतोच.

मग फोनमधून पुसायला घेतलं. गुगल फोटोजचा बॅकअप चालू असेल आणि त्याच अ‍ॅपमधून फोटो पुसला, तर तो तिथल्या साठ्यातूनही जातो. फक्त फोन मोकळा करायचा असेल तर ‘फ्री अप स्पेस’च वापरावं. आणि एवढं पुसूनही जागा तेवढीच दिसली, तर गॅलरीतला ‘ट्रॅश’ उघडून तोही रिकामा करावा लागतो. तो रिकामा केल्यावर आकडा खाली आला आणि कॅमेरा कुरकुर न करता चालू झाला. ‘व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस’ मात्र लॅपटॉपवर अजून तसंच आहे. शुभ सकाळ वेगळी काढायचं काम मी बहिणीला देऊ केलंय, तिने अद्याप उत्तर दिलेलं नाही.