पिकलिंग पेस्टच्या एमएसडीएससाठी पाच आठवडे: माझा अनुभव

मी भोसरीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. आम्ही स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवतो. वेल्डिंगनंतर सांध्यावर काळा-निळा डाग राहतो, तो काढायला पिकलिंग पेस्ट लावतात. शॉपमध्ये तिला सगळे नुसतं 'ॲसिड' म्हणतात. एक दिवस आमचा हेल्पर पेस्ट लावून संध्याकाळी घरी गेला, तेव्हा हाताला काहीच नव्हतं. रात्री दोनला त्याचा फोन आला, "साहेब, बोट आतून ठणकतंय, सहन होत नाही." मी दवाखान्यात पोचलो. नखाच्या कडेला एक पांढुरका ठिपका, बाकी फोड नाही की लाली नाही. डॉक्टरांनी विचारलं, कशाने भाजलं? मी म्हणालो, ॲसिडने. कुठलं ॲसिड? मला सांगता आलं नाही. बोट वाचलं, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी डीलरकडे एमएसडीएस मागितली, म्हणजे मालात कुठली रसायनं आहेत आणि अंगाला लागली तर काय करायचं हे सांगणारी सेफ्टी डेटा शीट. त्याने टेस्ट सर्टिफिकेट पाठवलं. बॅच नंबर, घनता, खाली शिक्का. हे नको, सेफ्टी डेटा शीट हवी, असं म्हटल्यावर त्याचा प्रश्न, "ऑडिट आहे का?" ऑडिट नाही, माणसाचं बोट भाजलंय, म्हटलं. पुढचे दहा दिवस 'उद्या पाठवतो' चाललं. मग आमच्या परचेसने जुन्या फाइलमधून एक शीट काढून दिली. मी खूश झालो, पण नीट वाचली तर ती दुसऱ्याच पेस्टची. म्हणून आधीच सांगतो, शीट हातात आली की पहिल्या भागातलं नाव आणि डब्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा, तारीखही बघा. चौथ्या आठवड्यात डीलरने अखेर एक शीट पाठवली. घटकांच्या रकान्यात लिहिलेलं, 'मिनरल ॲसिड'. बास, एवढंच! त्यावरून डॉक्टर काय उपचार करणार? मला इतका संताप आला की रिकामा डबा घेऊन मी बाकावर बसलो. बोटं फिरवताना लक्षात आलं, डीलरच्या स्टिकरची कड जाड लागतेय. हातमोजे घालून, ओल्या फडक्याने ते स्टिकर सोलून काढलं. खाली मूळ कंपनीचं लेबल, फोन नंबर, आणि लाल चौकटीत कवटीचं चिन्ह. ते त्याने झाकून टाकलं होतं! कंपनीला फोन केला, संध्याकाळी सोळा भागांची पूर्ण शीट मेलवर हजर. पाच आठवडे मी चुकीच्या माणसाच्या मागे लागलो होतो. तुम्ही थेट उत्पादकाकडेच मागा.

पेस्टमध्ये नायट्रिक ॲसिड, आणि सोबत हायड्रोफ्लोरिक. हे दुसरं कमी तीव्रतेचं असलं तर लगेच जळजळत नाही, दुखणं 24 तासांपर्यंत उशिरा सुरू होऊ शकतं. ते कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, जास्त लागलं तर हृदयावर परिणाम होतो. ताबडतोब भरपूर पाण्याने धुवायचं, मग हातमोजे घालून 2.5 टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल चोळत राहायचं, आणि दुखत नसलं तरी शीट घेऊन डॉक्टरांकडे जायचं. ते जेल मला चौथ्या मेडिकलमध्ये ऑर्डर देऊन मिळालं. आधीच आणून ठेवा, आणि त्याची एक्सपायरी बघत राहा.

हातमोजे कुठले, ते शीटच्या आठव्या भागात असतं. आमची मुलं पातळ रबरी मोजे घालत होती, आता जाड निओप्रीनचे आणलेत.

मालक आधी म्हणाले, एवढं कशाला. मी त्यांना कायदा दाखवला. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने फॅक्टरीज ॲक्टमध्ये (नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेला कारखाना कायदा) 111-अ कलम आलं, कामगाराला आपल्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मागायचा हक्क देणारं. धोकादायक रसायनांच्या 1989 च्या नियमांत डेटा शीटही आहे आणि प्रत्येक डब्यावर लेबलही. आमच्याकडे तर पेस्ट पाण्याच्या बाटलीत काढून ठेवायचे! असं बाटलीत काढून ठेवणं मी त्याच दिवशी बंद केलं.

शीट इंग्रजीत होती. प्रथमोपचाराचा चौथा भाग मी आणि त्या हेल्परने बसून मराठीत उतरवला, पेस्टच्या कपाटाच्या दारावर चिकटवला. मागच्या आठवड्यात नवे डबे आले, त्यांवर पुन्हा डीलरचं स्टिकर. मी उतरवूनच घेतले नाहीत.