तुम्ही विचारलंत म्हणून: अनोळखी डेटाबेस कसा पारखायचा?

नव्या डेटाबेस कंपनीत पैसे घालण्याआधी काही गुंतवणूकदार तिचं तंत्रज्ञान मला तपासायला देतात. त्यामुळे एक प्रश्न मला सतत विचारला जातो: "जे तुम्ही स्वतः कधी वापरलेलं नाही, त्याबद्दल दुसऱ्याला सल्ला कशाच्या जोरावर देता?"

डेटाबेस नवा असला तरी त्याच्यापुढच्या अडचणी जुन्याच असतात, या जोरावर. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडलं. तेव्हापासून या क्षेत्रात खूप काही घडलं, पण फुकटात कुणालाच काही मिळालेलं नाही. वाचन वेगवान केलं, की लेखन जड होतं किंवा जागा जास्त लागते. बी-ट्री नावाच्या मांडणीत शोधलेलं चटकन सापडतं. १९९६ साली मांडलेला एलएसएम-ट्री हा दुसरा प्रकार नोंदी भराभर लिहून घेतो, पण त्यांच्या फायली मागाहून पुन्हापुन्हा एकत्र कराव्या लागतात. डेटा अनेक यंत्रांवर पसरलेला असेल आणि त्यांच्यातला संपर्क तुटला, तर अचूक उत्तर आणि हमखास उत्तर यांतलं एकच मिळतं. एरिक ब्रूअर यांनी २००० साली हे मांडलं, गिल्बर्ट आणि लिंच यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं. म्हणून डेटाबेस काय काय करतो, हे मी संस्थापकांना आधी विचारत नाही. ते सादरीकरणात असतंच. मी विचारते, "हे मिळवण्यासाठी तुम्ही काय सोडलंत?"

ज्यांनी खरंच घडवलंय, ती माणसं या प्रश्नाने खुलतात. उठून फळ्यापाशी जातात, कोणता मार्ग का टाळला ते सांगतात, आपसात वादही घालतात. ते ऐकणं हा माझ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. "काहीच सोडलं नाही" असं उत्तर आलं, की मी वही काढून हिशेब मांडते.

समजा, दावा असा आहे: मुंबई आणि सिंगापूर, दोन्हीकडे डेटाच्या प्रती कायम तंतोतंत सारख्या, आणि प्रत्येक लेखन पाच मिलिसेकंदांत पक्कं. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. या दोन शहरांत सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर अंतर आहे. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यातच ३९ मिलिसेकंद जातात. याचा अर्थ, सिंगापूरची पोच येण्याआधीच मुंबईत 'झालं' म्हटलं जातंय. तसं करणं चूक नाही, पण मग 'तंतोतंत सारख्या' हे शब्द काढायला हवेत. गूगलने स्पॅनर या आपल्या डेटाबेसमध्ये यंत्रांची वेळ जुळवायला अणुघड्याळं आणि जीपीएस वापरले, आणि तरीही लेखन पक्कं करताना घड्याळातली अनिश्चितता सरेपर्यंत थांबावं लागतं, हे २०१२ च्या शोधनिबंधात उघड लिहिलं. मला असा प्रामाणिकपणा हवा असतो.

माझा सर्वाधिक वेळ मात्र एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीत जातो. डेटाबेस 'कमिट झालं', म्हणजे नोंद पक्की झाली, असं म्हणतो, तेव्हा ती नोंद नेमकी कुठे असते? पुष्कळदा ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीतच असते. डिस्कवर उतरवून घ्यायला एफसिंक नावाची आज्ञा द्यावी लागते आणि ती वेळखाऊ असते. ती टाळली, की वेगाचे आकडे डोळे दिपवणारे येतात. डेमोमध्ये प्रोसेस, म्हणजे चालू असलेला डेटाबेसचा प्रोग्रॅम, मारून दाखवतात आणि डेटा सुखरूप निघतो. निघणारच, कारण ऑपरेटिंग सिस्टिम चालूच असते आणि तिच्या मेमरीतली नोंदही शाबूत असते. परीक्षा घ्यायची तर भर लेखनाच्या मध्ये यंत्राची वीज तोडायला हवी, तीही वारंवार. मग ज्या नोंदींना 'झालं' म्हटलं होतं, त्या एकेक मोजून घ्यायच्या.

पुढचा प्रश्न, एफसिंकच अपयशी ठरली तर? २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मंडळींच्या लक्षात आलं, की लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर एकदा ती फसल्यानंतर दुसऱ्यांदा दिली तर यश मिळाल्याचं उत्तर येऊ शकतं, आणि मधला डेटा गेलेला असतो. पोस्टग्रेस तोवर पुन्हा प्रयत्न करत असे. नंतर त्यांनी वागणं बदललं: अशा वेळी सर्व्हर सरळ थांबवायचा आणि लॉगमधून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीतून, सावरायचं. इतक्या जुन्या, इतक्या वापरातल्या डेटाबेसमध्ये हे इतकी वर्षं दडून राहिलं होतं. त्यामुळे तरुण कंपनीकडून निर्दोष उत्पादनाची अपेक्षा मी करत नाही. तिच्याकडे न सुटलेल्या चुकांची यादी मागते. काइल किंग्जबरी यांच्या जेप्सन चाचण्यांत २०१३ पासून भल्याभल्या डेटाबेसमधले दोष उघडे पडले आहेत. दोष कळल्यावर टीम कशी वागली, यावरून तिची पारख होते. ती यादी आढेवेढे न घेता हाती देणाऱ्या टीमबद्दल माझं मत तिथेच चांगलं होतं.

बेंचमार्कबद्दल, म्हणजे वेगाच्या चाचण्यांबद्दल, थोडक्यात: कंपनीचे आकडे मी बाजूला ठेवते आणि संभाव्य ग्राहकाच्या कामासारखं काम चालवून बघते. डेटा मेमरीत न मावण्याइतका मोठा घेते, आणि सरासरीऐवजी सर्वांत संथ एक टक्का विनंत्या पाहते.

आता पैशांचं. तंत्रज्ञान चांगलं म्हणून कंपनी तरतेच असं नाही. रीथिंकडीबी या डेटाबेसवर प्रेम करणारे प्रोग्रॅमर पुष्कळ होते, तरी कंपनी २०१६ साली बंद पडली. लायसन्सही, म्हणजे वापराच्या अटीही, बघाव्या लागतात: रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने २०२४ मध्ये लायसन्स बदलल्यावर काही दिवसांतच त्यातून व्हॅल्की हा वेगळा प्रकल्प उभा राहिला.

म्हणून 'पैसे घाला' किंवा 'घालू नका' असं मी अहवालात लिहीत नाही. या डेटाबेसने कशाच्या बदल्यात काय मिळवलंय आणि तो सौदा कोणत्या ग्राहकाला परवडेल, हे लिहिते. शेवटच्या सेकंदातल्या नोंदी गमावू शकणारा डेटाबेस शेतातल्या तापमानाच्या सेन्सरसाठी उत्तम असेल. तोच सहकारी बँकेला विकायचा बेत असेल, तर मी विरोधात लिहिते, कारण तिथली हरवलेली नोंद म्हणजे कुणाचं तरी पेन्शन असतं. मी स्वतः पाहिलेलं आणि कंपनीने नुसतं सांगितलेलं, हे दोन वेगळ्या भागांत ठेवते. गुंतवणूकदाराची परवानगी असेल, तर तंत्रज्ञानाचा भाग आधी संस्थापकांना वाचायला देते. त्यांनी चूक दाखवली तर दुरुस्त करते. ते नुसते नाराज झाले, तर मजकूर आहे तसाच जातो.