परीक्षेचा देव, तोही सरकारी नोकरीतून आलेला

जपानमधल्या राष्ट्रीय विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेचा मुख्य टप्पा २५ फेब्रुवारीला सुरू होतो. नेमका त्याच दिवशी क्योटोच्या कितानो तेनमानगू या शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवळात प्लमच्या फुलांचा उत्सव असतो. शिवाय दर महिन्याच्या २५ तारखेला देवळाभोवती बाजार भरतो तो वेगळाच. मी मुद्दाम तोच दिवस गाठला.

इथला देव एकेकाळी हाडामांसाचा माणूस होता. सुगावारा नो मिचिझाने, जन्म ८४५ सालचा. मोठा विद्वान, कवी, दरबारात चढत चढत थेट मंत्रिपदापर्यंत पोचलेला. दरबारातल्या खानदानी फुजिवारा घराण्याच्या डोळ्यांत तो खुपणारच. ९०१ मध्ये खोटा आळ घेऊन त्याला दूर क्युशू बेटावर दाझाइफूला धाडलं आणि दोन वर्षांत, जुन्या पंचांगातल्या दुसऱ्या महिन्याच्या २५ तारखेलाच, तो तिथे वारला.

खरी गंमत पुढे आहे. आळ घेणारा फुजिवारा तोकिहिरा ऐन उमेदीत गेला. ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळून दरबारी ठार झाले आणि काही महिन्यांत सम्राटही गेला. हे सगळं मिचिझानेचंच काम, अशी सगळ्यांची खात्री पटली. मग ९४७ मध्ये हे देऊळ उभं राहिलं, आणि ९९३ मध्ये तर त्याला सर्वोच्च मंत्रिपद बहाल झालं. मेल्यावर नव्वद वर्षांनी बढती! दरबार किती टरकला असेल बघा. पुढे भीती ओसरली, विद्वत्ता लक्षात राहिली, आणि वीज पाडणारा देव अभ्यासाचा देव झाला.

आवारात जागोजागी बसलेल्या बैलांच्या मूर्ती आहेत. बैल हा या देवाचा दूत. आपलं जे दुखतं, तो बैलाचा भाग चोळायचा. हुशारी हवी असेल तर डोकं. त्यामुळे बैलांची डोकी तुळतुळीत झालेली. माझ्यापुढच्या आजींनी आधी डोकं चोळलं, बहुधा नातवासाठी, आणि लगेच वाकून गुडघाही चोळून घेतला. सगळे बैल बसलेले, पण मुख्य देवळाच्या लाकडी कोरीवकामात एकच उभा आहे. तो शोधायला मान वर करून बराच वेळ घालवावा लागतो. ही इमारत १६०७ची, तोयोतोमी हिदेयोरी या सरदाराने बांधवलेली.

नवस लिहायच्या लाकडी पाट्या एकावर एक लटकलेल्या. एका मुलाने तीन विद्यापीठं पसंतीक्रमाने लिहिली होती, आपल्या कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्मसारखी. देवालाही पर्याय द्यावेत, हे मला फार पटलं. ज्यांचा पेपर असतो ती मुलं त्या दिवशी अर्थातच परीक्षेला गेलेली. देवळात गर्दी होती ती आयांची, आजीआजोबांची आणि पुढच्या वर्षी बसणाऱ्यांची.

फुलांखाली जवळच्या कामिशिचिकेन या वस्तीतल्या गेइको (क्योटोतल्या गेइशा) आणि माइको (शिकाऊ गेइको) चहा देतात. चहाला तिकीट आहे, प्लमच्या बागेलाही आहे, देवळात मात्र फुकट. चहाची रांग बघून मी सरळ बाजारात घुसले. जुने किमोनो, कपबश्या, लोखंडी किटल्या, कुणाच्या तरी आजोबांची घड्याळं, आणि मधूनच ताकोयाकीचा, म्हणजे ऑक्टोपस घातलेल्या गोळ्यांचा, वास. क्योटोला यायचं असेल तर महिना कुठलाही असू दे, २५ तारीख जमवा. आणि सकाळी लवकर या, चांगल्या कपबश्या दुपारपर्यंत उरत नाहीत.