मॅसेटर मोजताना

एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणात, थीसिससाठी गाईड मॅडमनी विषय सुचवला: जबडा दुखणाऱ्या पेशंटच्या मॅसेटर या गालातल्या चावण्याच्या स्नायूची जाडी सोनोग्राफीने मोजायची. असे पेशंट ओरल मेडिसिनच्या ओपीडीत रोजचेच. विरार-कल्याणहून गर्दीतून आलेले, हातात आधीच काढलेला ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे. त्यात दात दिसतात, हाड दिसतं, सांध्याची थोडीफार कल्पना येते. स्नायू दिसत नाही, आणि दुखत असतो बऱ्याचदा तोच.

सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी, मराठी-हिंदी संमतिपत्रं हे सगळ्यांनाच करावं लागतं. मला नवीन होता तो १९९४चा पीसीपीएनडीटी कायदा. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीचा हा कायदा; पण गाल तपासायचा असला तरी सोनोग्राफीचं यंत्र नोंदवलेल्या जागेतच हवं आणि चालवणारे डॉक्टरही नोंदणी असलेलेच. म्हणजे आमच्या ओपीडीत यंत्र आणायचा विचारच सोडा. रेडिओलॉजीच्या सरांचे पोटाचे पेशंट आटोपले की मग आमचे गाल.

पेशंट निवडायला जबड्याचा सांधा आणि स्नायू यांच्या दुखण्याचं निदान करायचे २०१४चे डीसी/टीएमडी निकष वापरले. मॅसेटर आणि कानशिलावरचा टेम्पोरॅलिस बोटाने दाबायचे, दाब साधारण एक किलोचा. एक किलो म्हणजे किती, हे बोटाला कुठे कळतं? घरी स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर सराव केला. आई म्हणाली, ‘‘पीठ मोजून झालं की कर गं तुझं काय ते.’’ दाबल्यावर नुसतं दुखून भागत नाही. ‘हेच ते माझं नेहमीचं दुखणं’ असं पेशंटला वाटायला हवं. लॅटरल टेरिगॉइड हा जबड्याचा आणखी एक स्नायू मॅडमनी आधीच वगळायला लावला होता. तो इतका आत आहे की बोट नेमकं त्याच्यावरच पडलंय याची खात्री देता येत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो, आणि ती रांग थीसिसच्या मुदतीत बसणारी नव्हती.

सोनोग्राफीत मॅसेटर काळसर दिसतो, मधून पांढऱ्या रेघा, खाली हाडाची ठळक पांढरी रेषा. मोजायला सोपा वाटतो. पण प्रोब, म्हणजे गालावर टेकवायचा यंत्राचा भाग, जरा दाबला की स्नायू चेपतो आणि जाडी कमी भरते. जरा तिरका झाला की जास्त. म्हणून जेल भरपूर, हात हलका, आणि प्रत्येक माप पुन्हा घ्यायचं. एक माप सैल जबड्याचं, एक दाढा आवळून. दुसऱ्याने फार छळलं. स्नायू आवळला की फुगतो, पण ज्याला दुखतंय तो पूर्ण जोर लावतच नाही. ‘‘काका, अजून जोरात,’’ म्हटलं की काका नुसते डोळे घट्ट मिटायचे. त्यामुळे त्या आकड्यांवरून स्नायू अशक्त आहे असं म्हणायला मी आजही तयार नाही. वेदनेने आवरलेला जोरही त्यात असतो.

विभागातल्या शेवटच्या सादरीकरणात एका सरांनी विचारलं, ‘‘यातला कुठला थर मोजलास?’’ प्रश्न रास्त होता. बाझेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१मध्ये मॅसेटरच्या तिसऱ्या, सर्वांत आतल्या थराचं सविस्तर वर्णन केलंय. तो जबड्याच्या हाडाच्या कोरोनॉइड या वरच्या टोकदार भागाला जोडलेला असतो. मी म्हटलं, वेगळा थर नाही, ठरलेल्या पातळीवर बाहेरच्या आवरणापासून हाडापर्यंतची एकूण जाडी.

‘‘मग तसं लिही ना.’’

पद्धतीच्या प्रकरणात ते वाक्य घातलं आणि थीसिस बाइंडिंगला दिला.