लिंबाच्या कुंडीजवळची मिठाची गोणी

कुंडीतल्या झाडाची पानं करपली की पहिला आळ उन्हावर येतो. या लिंबाचंही तेच झालं होतं. मी पोचलो तोवर कुंडी उन्हातून सावलीत हलवलेली, दोनदा बुरशीनाशक फवारलेलं आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून एप्सम सॉल्टही (मॅग्नेशियम सल्फेट) घातलेलं. शिवाय ‘झाड अशक्त झालंय’ म्हणून खताचा जादा डोस. आजारी झाडाला खत घालण्याची ही सवय कधी सुटणार कोण जाणे. मुळं काम करत नसतील तर ते खत झाडाच्या पोटात जात नाही, मातीत साठून राहतं आणि उरलेल्या मुळांनाही पाणी ओढू देत नाही.

कलम सहा वर्षांचं, पाच फूट उंच, कुंडीत माती साधारण ४० लिटर. खालची निम्मी पानं गळून गेली होती. एक पान तोडून उजेडात धरलं. करपा टोकापासून सुरू होऊन दोन्ही कडांनी देठाकडे उतरला होता, आणि मेलेल्या तपकिरी भागाच्या नि हिरव्याच्या मधे पिवळी रेघ होती, जेमतेम दोन मिलिमीटरची. उन्हाने भाजलेलं पान असं दिसत नाही. ऊन लागतं ते पानाच्या उघड्या पडलेल्या भागावर, बहुतेकदा मधोमध. डाग पांढुरका, कागदासारखा होतो आणि त्याच फांदीवरचं झाकलेलं पान धडधाकट राहतं. इथे आतली, सावलीतली पानंही तशीच करपलेली. मॅग्नेशियम कमी पडलं असतं तर जुन्या पानात देठाजवळ हिरवा त्रिकोण शिल्लक दिसला असता. तोही नव्हता. टोकाकडून आणि कडांकडून जळणं, तेही जुन्या पानांपासून, हे बहुतेक वेळा क्षारांचं काम. पानातून पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि प्रवाह जिथे संपतो तिथे, म्हणजे टोकाला आणि कडेला, साठत जातात.

कुंडीच्या काठाला पांढरी खपली होती, ताटलीत पाणी साचलेलं. ताटलीतलं पाणी हे निथळून आलेलं खारं पाणी असतं, आणि माती तेच पुन्हा वर ओढून घेते. मग निथळ मोजली. पद्धत साधी आहे: कुंडी पूर्ण भिजवायची, तासभर थांबायचं, मग वरून जपून इतकंच पाणी ओतायचं की खालच्या भोकातून ५० मिलिलिटरच्या आसपास बाहेर यावं. त्यात ईसी मीटर, म्हणजे पाण्याची वीज वाहण्याची क्षमता मोजून त्यात क्षार किती ते सांगणारा मीटर, बुडवला तर आकडा आला ४.८ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर. लिंबूवर्गीय झाडं मिठाच्या बाबतीत फार नाजूक असतात, त्यांना हा आकडा पेलवणारा नाही. नळाचं पाणी मोजलं, ते ०.७. म्हणजे पाणी ठीक, दोष खताचा, असा निष्कर्ष मी काढला. या निष्कर्षाकडे मी अजून परत परत वळतो.

उपाय ठरलेला होता. वरची खपली सेंटिमीटरभर मातीसकट खरवडून काढली, ताटली काढून कुंडी दोन विटांवर ठेवली, भोक सळईने मोकळं केलं आणि मातीच्या दुप्पट, म्हणजे ८० लिटर पाणी हळूहळू सोडलं. एकदम ओतलं तर पाणी कुंडीच्या कडेने निसटतं आणि मधला गोळा कोराच राहतो. म्हणून दहा-दहा लिटर, मधे वीस मिनिटं थांबून. शेवटी निथळ १.३ वर आली. असा उतार पाहिला की हायसं वाटतं. खत बंद, पाणी फक्त वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावर, एवढं सांगून निघालो.

बाराव्या दिवशी फोन आला. नव्या पानांचीही टोकं जळायला लागली होती, आणि घातलेलं पाणी वरच तळं करून राहत होतं. मीटर उतरला आणि झाड बिघडलं, हे एकमेकांशी जुळेना. वरची माती बोटाने चाचपली तर ओली असताना साबणासारखी गुळगुळीत, वाळलेल्या जागी पापुद्र्यासारखी कडक. कुंडीत बागेतली चिकण माती बरीच होती, पण ती आधी अशी वागत नव्हती.

झाडाला पाणी घालायच्या नळाशेजारी एक निळी टाकी होती आणि तिला टेकून मिठाची गोणी. पहिल्या दिवशीही ती तिथेच होती. मी विचारलं तेव्हा घरच्या ताई म्हणाल्या, “सॉफ्टनर बसवलाय ना, दादा. मऊ पाणी झाडाला उलट चांगलं नाही का?”

सॉफ्टनर पाण्यातले क्षार कमी करत नाही, बदलतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम राळेच्या मण्यांत अडकतात, त्यांच्या जागी या मिठातलं सोडियम पाण्यात उतरतं. कठीणपणाच्या दर १ मिलिग्रॅमला सुमारे ०.४६ मिलिग्रॅम सोडियम, असा हिशेब. बाहेरच्या, सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी कठीणपणाच्या पट्टीवर लिटरला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास आलं, आतल्या नळाचं जवळपास शून्य. आणि ईसी दोन्हीकडे ०.७. म्हणजे झाडाच्या वाट्याला लिटरमागे १३८ मिलिग्रॅमच्या घरात जादा सोडियम येत होतं आणि ते दाखवायची मीटरची कुवतच नाही. पाण्यात क्षार किती आहेत एवढंच तो सांगतो. कुठले, हे सांगत नाही. ज्या पाण्याचा ईसी चांगला वर आहे पण कठीणपणा शून्य, त्यात सोडियम आहे असंच धरायचं. पट्टी बुडवायला अर्धं मिनिट पुरतं.

आता तळं का साचलं तेही उलगडलं. मातीत क्षार भरपूर असतात तोवर चिकण मातीचे कण एकमेकांना धरून राहतात, सोडियम असलं तरीही. क्षार धुऊन काढले आणि सोडियम तसंच ठेवलं, की कण सुटे होतात आणि पोकळ्या बुजवतात. माझ्या ८० लिटर मऊ पाण्याने नेमकं हेच केलं. खताचे क्षार गेले हे खरं, पण मातीचा श्वास कोंडला.

दोघांनी मिळून कुंडी आडवी केली आणि गोळा सरकवून पाहिला. वरच्या भागातली मुळं फिकट पिवळसर, चिवट. तळातल्या चार-पाच सेंटिमीटरमधली तपकिरी. चिमटीत धरून ओढली तर साल मोज्यासारखी निघून येत होती आणि आत दोऱ्यासारखी शीर उरत होती. तेवढा थर निर्जंतुक कात्रीने काढून टाकला आणि तळाशी ताजं मिश्रण भरलं. जास्त छेडलं नाही. वरून शेणखत टाकून टाकून कलमाचा जोडही गाडला गेला होता, तो मोकळा केला. जोड ओल्या मातीत राहिला की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागायला वेळ लागत नाही.

मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. यातलं कॅल्शियम मातीच्या कणावरून सोडियमला हटवतं, आणि सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर वाहून जातं. बाहेरच्या नळाच्या पाण्यात लिटरला १ ग्रॅम या मापाने विरघळवलं. लिटरला दोन ग्रॅमच्या फार पुढे ते विरघळतच नाही, त्यामुळे मूठभर फेकण्यात अर्थ नाही. पातळ काठीने मातीत पंधरा सेंटिमीटर खोल दहा-बारा भोकं पाडली आणि ८० लिटर द्रावण दोन दिवसांत सोडलं, कारण पहिल्या दिवशी तासाला पाच लिटरही उतरत नव्हतं. सुरुवातीची निथळ कोऱ्या चहासारखी काळपट, गढूळ. दुसऱ्या दिवशी दुपारपासून ती निवळत गेली आणि वरचं तळं डोळ्यांदेखत खाली जायला लागलं. जिप्सममुळे निथळीचा ईसी वर चढला होता, पण आता त्याला घाबरायचं कारण नव्हतं. या टप्प्यावर नुसतं पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी वापरलं असतं तर माती आणखी आवळली असती. आणि आरओमधून बाहेर पडणारं वाया पाणी झाडांना घालणाऱ्यांनी तर ते आधी मोजावंच, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात.

छाटणी अगदी कमी केली. नखाने साल खरवडून खाली हिरवी दिसली ती फांदी ठेवली, वाळलेली तेवढी कापली. अर्धी करपलेली पानं काढली नाहीत. उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न देत असतो, आणि ती तोडणारे माळी झाडापेक्षा मालकाच्या डोळ्यांची काळजी घेतात असं माझं स्पष्ट मत आहे. कळ्या आणि मटाराएवढी फळं मात्र सगळी खुडली. संकटातलं झाड भरभरून फुलतं, त्याला बहर समजून राखलं तर उरलीसुरली ताकद त्यातच जाते. कलमाच्या जोडाखालून निघालेले दोन पाणसोट (जोमाने वाढणारे फुटवे) बुडापासून काढले.

करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, हे ताईंना दोनदा सांगावं लागलं. बघायचं ते नव्या फुटीकडे. पाचव्या आठवड्यात डोळे फुगले, आठव्यात पालवी उघडली, टोकं स्वच्छ. ती पानं जून झाल्यावरच खत सुरू केलं, पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने, आणि पालाशासाठी सल्फेट ऑफ पोटॅश. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइड, लिंबाला ते नको. पाणी आता बाहेरच्या नळाचं आणि साठवलेल्या पावसाचं, दर वेळी निथळ निघेल इतकं, ताटली कायमची बाजूला.

नळाच्या बाजूची एक जाड फांदी मात्र शेंड्याकडून वाळत आली आणि शेवटी बुडापासून काढावी लागली. तिला पोसणारी मुळं माझ्या पहिल्या धुण्यात गेली की आधीच गेलेली होती, हे तळ मी उशिरा पाहिल्यामुळे आता सांगता येत नाही.