रेशनच्या भाताला वरण कुठून?

मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत रेशनचं धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला घरामागे ३५ किलो. २०२३ पासून तेही फुकट. भात-पोळीची सोय होते, अडतं ते डाळ-भाजीपाशी. रोजच्या मजुरीतून पावशेर डाळ न् दहा रुपयांची भाजी घेणाऱ्या घराला किलोमागे सगळ्यात जास्त पैसे मोजावे लागतात. तोच माल खाडीपुलापलीकडे वाशीच्या घाऊक बाजारात गोणीने विकला जातो. हे अन्यायाचं आहे. पण पंचवीस घरांनी मिळून खरेदी केली तर त्यातलं बरंच टाळता येतं.

कांद्यापासून सुरुवात करा. घरटी २ किलो धरले की ५० किलोंची गोण पुरी होते. बटाटा, लाल भोपळा, दुधी, कोबी हाही टिकणारा माल. पत्र्याच्या खोलीत फ्रिज नसतो, त्यामुळे अख्खा लाल भोपळा फार कामाचा. पण कापला की त्याच दिवशी वाटून संपवायचा. पालेभाजी मात्र जुडीच्या हिशोबाने, मोजकीच आणावी. गोणीत दाबून राहिली की ती आतून तापते आणि पिवळी पडते. उतरवल्याबरोबर ओल्या गोणपाटावर मोकळी पसरायची.

असे गट मोडतात ते बहुधा हिशोबावरून. समजा, गोण १२५० रुपयांना मिळाली आणि टेम्पोचा वाटा १०० रुपये आला. ५० ने भागून २७ रुपये दर लावला आणि ३ किलो कांदा सडका निघाला, की जमा होतात १२६९ रुपये. म्हणजे ८१ रुपयांची तूट. ती कुणी भरायची यावरून बायकांमध्ये वाद लागतो. म्हणून आधी गोण ओतायची, निवडायची, चांगला माल तोलायचा आणि मगच भागायचं: १३५० भागिले ४७, म्हणजे पावणेएकोणतीस रुपये. वजनकाट्यावर वैधमापनचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, चालू शिक्का हवा.

उधारी पहिल्या आठवड्यापासूनच बंद ठेवा. पण एकदम दीडशे रुपये काढणं मजुरीवरच्या घराला जमत नाही; भिशीसारखे रोज वीस-वीस रुपये गोळा करून वहीत सही घ्यावी.

डाळीत तुरीच्या आधी मसूर घ्या. ती सहसा स्वस्त असते आणि लवकर शिजते, म्हणजे गॅसही वाचतो. पोतं ओलीपासून दूर, फळीवर ठेवायचं. पावसाळ्यात महिन्याभराचीच डाळ भरावी, नाहीतर कीड लागते.

आणि वाटपाची वेळ नळाला पाणी येण्याच्या वेळेवर कधीही ठेवू नका. पाणी आलं की कुणीही रांगेत थांबत नाही, आणि भाजी उन्हात पडून राहते.