तुम्ही विचारलंत म्हणून: इंदूरच्या उंदराची मिरवणूक

पुण्या-मुंबईचे पाहुणे इंदूरला आले, की राजवाडा, होळकरांच्या समाध्यांवरच्या छत्र्या आणि रात्रीचा सराफ्यातला खाऊबाजार उरकल्यावर एक प्रश्न हमखास येतो: "हे सगळं माहीत होतं हो, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं काही सांगा की." विचारणाऱ्याला बहुधा भुयार, पुरलेला खजिना नाहीतर एखादा खून हवा असतो. खुनाचीही सोय आहे म्हणा. बावला खून खटला आणि त्यापायी १९२६ साली इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांना सोडावी लागलेली गादी. पण ते प्रकरण चघळून चघळून चोथा झालंय. मी सांगतो ती गोष्ट उंदराची.

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश प्राध्यापक. मूळचे वनस्पतिशास्त्राचे, पुढे शहरं कशी वाढतात आणि कशी कुजतात याचा अभ्यास करणारे. १९१७ च्या सुमारास होळकर दरबाराने त्यांना इंदूरचा आराखडा करायला बोलावलं. त्याच वर्षी त्यांचा थोरला मुलगा महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला आणि काही आठवड्यांतच पत्नी कलकत्त्याला आजारपणात वारली. एवढं डोक्यावर घेऊन हा दाढीवाला साहेब इंदूरच्या गल्लीबोळांतून नकाशे घेऊन फिरत होता. लोक त्याला बघून बाजूला सरायचे. साहेब येतो आणि मागोमाग प्लेग येतो, घरं पाडली जातात, असा बोभाटा झाला होता.

प्लेग तेव्हा जवळपास दरसालचा पाहुणा. रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे डॉक्टरांना कळलं होतं. पण घरातली अडगळ काढा, उंदीर मारा, हे लोकांच्या गळी उतरवायचं कसं? आपल्याला पुण्याचा मार्ग पाठ आहे. १८९७ साली रँडच्या हुकमाने सोजीर थेट माजघरात शिरले, सामान रस्त्यावर आलं, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत काय झालं ते शाळेतलं पोरही सांगेल.

गेडिस यांनी महाराजांकडे मागणी केली, मला एक दिवसापुरता महाराजा करा. मिळालेल्या अधिकारात त्यांनी दवंडी पिटवली, की यंदा दिवाळीला मोठी मिरवणूक निघेल. पण ती ना हिंदूंच्या ठरलेल्या वाटेने जाईल, ना मुसलमानांच्या. ज्या गल्लीत जास्तीत जास्त घरं झाडून-सारवून, डागडुजी करून तयार असतील, त्या गल्लीतून जाईल. कचरा उचलायची सोय फुकट.

आता आपल्या दारावरून मिरवणूक जाणार नाही आणि शेजारच्या आळीतून जाणार, हे कुठल्या मराठी माणसाला सहन होईल? हिंदी बोलणाऱ्यालाही होत नाही. शहर कामाला लागलं. माळ्यावरची अडगळ खाली आली, भिंतींना चुना लागला, गाड्यांच्या गाड्या कचरा वेशीबाहेर गेला आणि त्याबरोबर उंदरांची बिळंही उघडी पडली.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच. पण बघण्यासारखे दोन पुतळे होते. एक घाणीचा राक्षस आणि दुसरा प्लेगचा भलामोठा उंदीर. त्यांच्यामागून शहराचे सफाई कामगार. पांढरेशुभ्र कपडे, हातात नवे कोरे झाडू, गळ्यात फुलांच्या माळा. कचऱ्याच्या गाड्या रंगवलेल्या, बैलांची शिंगंसुद्धा रंगवलेली. ज्यांची सावलीही लोक चुकवत, ते त्या दिवशी लक्ष्मीच्या मिरवणुकीत मानाने चालले. भविष्यातल्या इंदूरच्या इमारतींच्या प्रतिकृतीही होत्या, आणि तुळशीची रोपं वाटली गेली. शेवटी रावणासारखं राक्षसाचं आणि उंदराचं दहन, वर आतषबाजी.

ही हकीकत बरीचशी गेडिस यांच्याच आठवणींतून चरित्रकारांकडे आली आहे, तेव्हा चवीपुरता मीठमसाला धरून चाला. मीठमसाला काढला तरी उरतं ते कमी नाही. १९१८ साली त्यांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. सरसकट पाडापाडीला त्यांचा सक्त विरोध होता. पडकं तेवढं काढा, मधे मोकळी जागा, झाड, ओटा राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या खंडात तर चक्क विद्यापीठाची योजना आहे. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिळवणाऱ्या आमच्या शहरात रोज सकाळी कचरागाडी गाणं वाजवत येते, तेव्हा मला तो उंदीर आठवतो. नंबरापेक्षा मला त्याचाच अभिमान जास्त वाटतो, हे इथे मोठ्याने बोलायची सोय नाही.

पाहुण्यांना सांगण्यासारख्या आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. पहिली आगगाडीची. तुकोजीराव दुसरे यांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने कर्जाऊ दिले, मुदत १०१ वर्षं. राज्य करणाऱ्यालाच कर्ज देणारे सावकार, असा हा मामला. आणि पाहुणे क्रिकेटवाले असतील तर कॉम्पटन. युद्धकाळात महूच्या छावणीत असलेला हा इंग्लंडचा फलंदाज १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ करून गेला. तरी आम्ही हरलोच. पुढच्याच मोसमात म्हैसूरविरुद्ध एका डावात सहा शतकं ठोकली, ८ बाद ९१२.

पण कचऱ्याचा विषय निघालाच आहे, तर त्याचं पुढे काय झालं तेही ऐका. १९२४ साली इंदुरात कापसाच्या संशोधनासाठी एक संस्था निघाली. संचालक अल्बर्ट हॉवर्ड. जागा आज कृषी महाविद्यालयाची आहे. माळव्याच्या शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली झाडांची वाळकी खोडं, ढिगांनी पडायच्या. त्या इतक्या टणक, की जाळण्यापलीकडे कुणी विचारच करत नसे. हॉवर्ड यांनी त्या शेतरस्त्यावर पसरून ठेवल्या. येता-जाता बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप भुगा होई. मग खड्ड्यात थर लावायचे: हा पालापाचोळा, त्यावर शेण, मूत मुरलेली गोठ्यातली माती, राख, पाणी. ठरलेल्या दिवसांनी उलथापालथ करायची. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार. हीच पुढे जगभर गेलेली 'इंदूर पद्धत'. सेंद्रिय शेतीवाले विलायतेत आजही हॉवर्ड यांना गुरू मानतात, आणि १९३५ साली खुद्द गांधीजी ही पद्धत बघून गेले.

१९३१ साली या कामाचं पुस्तक निघालं, त्यावर मात्र दोन लेखक आहेत. हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड, याच संस्थेत काम करणारे. पुढे सगळा बोलबाला एकट्या हॉवर्ड यांचा झाला. मी हे नाव घेतलं, की समोरच्या पुणेकर काकांचा चेहरा एकदम खुलतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "वाड म्हणजे कुठले हो?"

इंदूरचे, मी सांगतो.